मालियान आजीची चूक

"मग पोरं थांबत का नाहीत, आजी?"

शिकलेला माणूस अडला की आधी आवाज चढवतो. नोएलचाही चढला होता. कॅनडातल्या मिकमॅक आदिवासींच्या वस्तीतला हा तरुण मास्तर. पूर्वजांच्या कथा त्याला तोंडपाठ. आपल्या लोकांची श्रद्धा, पशुपक्ष्यांशी असलेलं नातं, सगळं कथांतून पोरांना द्यायचंच, असा त्याने चंग बांधला होता. आणि काल वर्गाकडे एकही पोर फिरकलं नाही. रिकाम्या बाकांसमोर त्याला रडू फुटलं होतं, पण ते तो आजीला थोडाच सांगणार!

मालियान आजी लाकडाच्या पातळ पट्ट्यांची टोपली विणत होती. जुन्या पिढीतली कथा सांगणारी वस्तीत ती एकटीच उरली होती. तिच्यासमोर एक बुटकं स्टूल होतं. रिकामंच.

"सांगताना कधी चुकतोस का रे?"

"छे! एक शब्द इकडचा तिकडे होत नाही."

"अरे देवा..."

नोएलला ते झोंबलं. "मग तू सांगून दाखव."

आजीने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. स्टुलाकडे बघून ती सांगू लागली.

"आपला आदिपुरुष क्लुस्काप... माणसांना सगळं शिकवून झालं, तसा होडीत बसला आणि दूर निघून गेला. काठावर एक पाखरू राहिलं. ते अजून त्याला हाका मारतं. कोण? तर कावळा."

"कावळा कसला!" नोएल ताडकन उठला. "लून! तळ्यातला लून पक्षी! कावळ्याला अशी हाक जमेल तरी का?"

आणि तोंडाशी ओंजळ धरून त्याने लूनची लांबलचक, रडवी हाक मारली. ती पार तळ्यापर्यंत गेली.

मग त्याचा त्यालाच संकोच वाटला.

"एवढी मोठी चूक, आजी? तुझ्या हातून?"

आजीचे हात थांबले. डोळे भरून आले होते.

"माझी आजी रोज कावळाच म्हणायची. आम्ही पोरं 'लून, लून!' ओरडत तिच्या अंगावर धावून जायचो..."

नोएल हळूच जाऊन त्या स्टुलावर बसला. गुडघे पार हनुवटीला टेकले.

"तू अजून... रोज सांगतेस? इथे कुणी नसताना?"

"अकरा वर्षं झाली, कावळाच म्हणतेय. आज कुणीतरी भांडायला आलं."