मांडवावरचा पावटा

पावट्याचे बी मंजुळाबाईंनी स्वतःच्या परसात पेरले होते आणि पाणीही त्यांनीच घातले होते. वेल मात्र कुंपण ओलांडून रावजी खोतांच्या मांडवावर चढला आणि तिथेच शेंगांनी लगडला. मंजुळाबाईंच्या घरचे वर्षभराचे कडधान्य त्याच शेंगांतून निघायचे होते.

"मांडव माझा, म्हणून शेंगाही माझ्या!" खोतांनी पंचांपुढे मिशीला पीळ दिला.

मंजुळाबाई शांतपणे म्हणाल्या, "बरे तर, खोत. परवा जत्रेत तुमचा नातू दिवसभर माझ्या कडेवर होता. भार मी सोसला, तेव्हा आजपासून नातू माझा!"

पंच खो खो हसले. खोतांनाही हसू आवरेना. "नातू राहू द्या हो बाई, शेंगा न्या!"

शेंगा मंजुळाबाईंच्या आणि मांडवाबद्दल खोतांकडे पातेलेभर उसळ, असे ठरले. पंचांच्या आधी खोतांनीच मान डोलावली.