एकशे बारा लाल रेघा

"…मग सांगा ना बाई, यात माझं चुकलं कुठं?"

अच्युत मगदूमनं हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. सौंदत्तीबाई ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

बाईंनी तंत्रनिकेतनात अठ्ठावीस वर्षं कॉम्प्युटर शिकवला होता. आता निवृत्त होऊन गावी राहत होत्या. उजवा खुबा कामातून गेला होता, काठीशिवाय पाऊल उचलत नव्हतं. अच्युत त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. असं बाई कधी म्हणाल्या नव्हत्या. तोच चारचौघांत सांगत असे.

आणि ते खोटंही नव्हतं. तालुक्यातली अकरा ठिकाणं त्याच्या भरवशावर चालत. दोन शाळा, एक्स-रे सेंटर, ट्रॅक्टरची शोरूम, रक्तपेढी… कुठं सर्व्हर बसला की आधी अच्युतला फोन जायचा, देवाचा नंबर त्यानंतर. दहा वर्षांत माझ्या हातून कुणाचा एक कागद हरवलेला नाही, हे तो छाती पुढं काढून सांगे. आज मात्र त्याची दाढी वाढली होती आणि पुढ्यातला चहा गार होऊन गेला होता.

"पहिल्यापासून सांग," बाई म्हणाल्या.

"सांगितलं की."

"मघापासून तक्रार सांगतोयस. काय झालं ते सांग."

अच्युत सांगू लागला.

रक्तपेढीचा सर्व्हर पेढीच्या मागच्या खोलीत असे. रोज संध्याकाळी त्यातल्या सगळ्या माहितीची नक्कल एका हार्डडिस्कवर उतरायची. अशा दोन डिस्क होत्या. एक पेढीत, एक अच्युतच्या घरच्या कपाटात. दर शनिवारी तो त्यांची अदलाबदल करी.

"दोन्ही डिस्क एका छपराखाली कधी आणू नकोस, हे तुम्हीच शिकवलंत. दहा वर्षं पाळलं मी."

"आणि?"

"खंडेनवमीला आणली."

बाईंचा हात थांबला.

"त्या दिवशी सगळे आपापल्या हत्यारांची पूजा करतात, बाई. डॉक्टर इनामदारांना तर फार हौस. पेढी त्यांची. फ्रीजला हार, मायक्रोस्कोपला हार, सर्व्हरला हार. मला म्हणाले, ती घरची डिस्कही आण की रे, वर्षभर राबते बिचारी, तिलाही हळदकुंकू लागू दे."

"आणलीस."

"आणली. दोन्ही सर्व्हरवर मांडल्या. झेंडूच्या माळा घातल्या. डॉक्टरांनी निरांजन लावलं. मग दार ओढून घेतलं आणि सगळे पुढच्या खोलीत जेवायला बसलो. श्रीखंड होतं. धुराचा वास आला तेव्हा दाराला हात लावता येत नव्हता."

"काय उरलं?"

"पुढची बाजू वाचली. रक्ताच्या पिशव्या वाचल्या. मागची खोली… काही नाही उरलं. सर्व्हरही गेला, दोन्ही डिस्कही गेल्या."

"जुनी रजिस्टरं?"

"सर्व्हर घेतला तेव्हाच रद्दीत दिली. मीच सांगितलं होतं, आता याची गरज नाही म्हणून."

बाई पुन्हा शेंगा फोडू लागल्या. ओसरीवर नुसता टरफलांचा आवाज होता.

"पूजा मीही करायचे," त्या थोड्या वेळानं म्हणाल्या. "एक डिस्क कॉलेजात. दुसरी घरी, देवाजवळ. दोघींना कुंकू सारखंच लागायचं."

अच्युतला हे लागलं. त्याला वाटलं होतं, बाई डॉक्टरांना नावं ठेवतील, नाहीतर त्या दिव्याला.

"दिवा मी लावला नव्हता, बाई. डिस्क आणा असं मी म्हटलं नव्हतं."

"दिव्यानं खोली जाळली," बाई म्हणाल्या. "त्याला सव्वा महिना होऊन गेला. तेवढ्यासाठी तू आज एवढ्या लांब आला नाहीस… कोण गेलं?"

अंगणात एक कोंबडी टरफलं उकरत होती, अच्युत तिच्याकडं बघत राहिला.

"मंगल पुजारी," शेवटी तो म्हणाला. "एकतीस वर्षांची. काल दहावा झाला."

मग ते सांगणं त्याला भाग पडलं. नऊ वर्षांपूर्वी मंगलचं पहिलं बाळंतपण झालं, तेव्हा तिला रक्त चढवलं होतं. त्या परक्या रक्ताशी तिच्या अंगानं वैर धरलं. पुढं हे वैर इतकं झोपून जातं, की साध्या तपासणीत दिसतच नाही. पण पुन्हा तसलंच रक्त गेलं की ते जागं होतं आणि आतल्या आत सगळं जाळत सुटतं. अशा माणसाच्या नावापुढं पेढीच्या सर्व्हरमध्ये लाल रेघ असे. याला नेहमीसारखं जुळवून रक्त देऊ नका, असा तिचा अर्थ.

"तिच्यापाशी चिठ्ठी नव्हती?"

"होती. पुराच्या साली घरात पाणी शिरलं, त्यात गेली."

"म्हणजे तिचं ते दुखणं कुठं लिहिलेलं उरलं होतं?"

"आमच्याकडंच."

"हं."

"दुसऱ्या बाळंतपणात रक्तस्राव थांबेना. पेढीतून तीन पिशव्या गेल्या. तपासणीत सगळं जुळलं होतं, बाई. खरंच जुळलं होतं. पाचव्या दिवशी ती पिवळी पडली. सहाव्या दिवशी मोठ्या दवाखान्यात नेली, तिथं ते सापडलं. आठव्या दिवशी गेली."

"मूल?"

"मुलगी आहे. एकोणीस दिवसांची. मोठा मुलगा नऊ वर्षांचा."

हे बोलताना अच्युतचा आवाज फुटला. रडू त्याला खरंच आलं होतं, पण त्या रडण्यात थोडी आशाही होती. आता बाई म्हणतील, तू काय करणार होतास रे, तुझ्या हातात काय होतं. गेले दहा दिवस हे वाक्य तो दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून ऐकायला आसुसला होता. बायकोनं ते म्हटलं होतं, डॉक्टरांनीही म्हटलं होतं. त्यांच्या म्हणण्यानं झोप लागत नव्हती.

बाईंनी मूठभर दाणे सुपात टाकले.

"तिनं काही सांगितलं नव्हतं?"

"…कुणी?"

"मंगलनं."

अच्युतनं चहाचा कप उचलला, गार चहा तोंडाला लावला, परत ठेवला.

"अच्युत."

"सांगितलं होतं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली… माझं रक्त निराळं आहे. तुमच्या पेढीत लिहून ठेवलंय, बघा. तिला उठवत नव्हतं, नवऱ्याकडून निरोप पाठवला तिनं. नवरा पेढीत आला. काउंटरवर विनया होती, तिथली तंत्रज्ञ. तिनं नाव घालून बघितलं."

"पडद्यावर काय आलं?"

"हिरवी खूण."

"हिरवी खूण कशाची?"

बाईंनी वाट पाहिली. वर्गातही त्या अशाच वाट बघत, पोरं घामाघूम होईपर्यंत.

"आगीनंतर तीन दिवसांत मी पेढी पुन्हा उभी केली, बाई," अच्युत म्हणाला, आणि या वाक्याला त्याचा आवाज नकळत वर गेला. "तीन दिवसांत. नवा सर्व्हर, नवा प्रोग्रॅम, रात्रंदिवस बसून. डॉक्टरांनी शाल दिली, नारळ दिला. कुणी दुसरा असता तर महिना लावला असता."

"हिरवी खूण कशाची?"

"नावापुढं लाल रेघ सापडली नाही, की हिरवी खूण. आधीही तसंच होतं."

"आधी सर्व्हरला सगळी नावं ठाऊक होती."

"…हो."

"आता?"

"आता कुणाचंच ठाऊक नाही."

"तरी हिरवी."

अच्युतनं मान हलवली.

"जुनं परत आलं का, असं डॉक्टरांनी विचारलं नाही?"

"विचारलं. मी म्हटलं, सगळं चालू झालंय."

एवढं बोलून त्याला वाटलं, संपलं, आता आणखी काही सांगायचं नाही. पण बाई त्याच्याकडं बघत होत्या. आल्यापासून पहिल्यांदाच सरळ बघत होत्या.

"विनयानं पुढं काय केलं?"

त्याला पळून जावंसं वाटलं. गाडी दाराशीच उभी होती.

"मी तिथंच होतो," तो म्हणाला. "प्रिंटर दुरुस्त करत होतो. ती म्हणाली, दादा, यांची बायको म्हणते रक्त निराळं आहे, पण सर्व्हरमध्ये तर काही दिसत नाही. काय करू?"

"तू काय म्हणालास?"

"म्हणालो… सर्व्हरमध्ये नाही म्हणजे नसेल."

आता तो रडत नव्हता. रडण्याचाही एक आधार असतो, तो गेला होता.

"नवरा तिथंच उभा होता, बाई. हात जोडून 'बरं साहेब' म्हणाला."

बाईंनी हातातली शेंग तशीच खाली ठेवली.

"लाल रेघा किती होत्या सगळ्या?" त्यांनी विचारलं.

"एकशे बारा."

"नावं?"

"आठवत नाहीत."

"एक गेली. राहिल्या?"

"एकशे अकरा."

"पेढी आज चालू आहे?"

"आहे."

"आज कुणाचं नाव घातलं तर पडद्यावर काय येतं?"

अच्युतनं डोळे मिटून घेतले.

"मी हळूहळू दुरुस्त करणार आहे," तो म्हणाला. "दवाखान्यांतून जुनी कागदपत्रं गोळा करतोय. कुणाला कळायच्या आत, दोन-तीन महिन्यांत… बाई, अकरा ठिकाणं आहेत माझ्याकडं. एकानं काढलं की सगळे काढतील. माझं घर त्यावर चालतं. अच्युतनं सगळं घालवलं आणि वर लपवलं, असं एकदा झालं की या तालुक्यात मला कुणी दारात उभं करणार नाही."

"तुझ्या फोनवरून पेढीचा सर्व्हर दिसतो?"

"दिसतो." या उत्तरातही सवयीनं थोडी ऐट आली आणि तिची त्याची त्यालाच लाज वाटली.

"माझं नाव घाल."

"तुमचं कशाला?"

"सहा वर्षांपूर्वी गर्भाशय काढलं माझं. तुमच्याच पेढीचं रक्त चढलं होतं. घाल नाव."

त्यानं फोन काढला. भागीरथी रामचंद्र सौंदत्ती. घाईत एक अक्षर दोनदा पडलं, ते खोडून पुन्हा घातलं.

"काय आलं?"

फोन त्यानं त्यांच्यापुढं धरला. बाईंनी चष्मा सारखा केला. हिरवी खूण होती, आणि खाली अच्युतनंच सुबक अक्षरांत घातलेली ओळ होती: पूर्वीचा दोष नाही, रक्त देण्यास हरकत नाही.

"बरं," बाई म्हणाल्या. "सोमवारी माझ्या खुब्याचं ऑपरेशन आहे. रक्त तुमच्याच पेढीतून येणार आहे."

त्या पुन्हा शेंगा फोडू लागल्या.

अच्युत बसून राहिला. आज शुक्रवार होता. दहा दिवस तो ज्या एकशे अकरांना नुसता आकडा समजत होता, त्यांतल्या एकीचा चेहरा त्याच्यासमोर होता… किंवा नव्हता. यातलं काय खरं, हे जगात फक्त त्या सर्व्हरला माहीत, असं त्याला वाटलं, आणि सर्व्हरचा तर कोळसा झाला होता.

तो उठला, पायरीपर्यंत गेला. परत आला. मग तिथंच उभ्या उभ्या त्यानं डॉक्टर इनामदारांना फोन लावला.

"डॉक्टर, अच्युत बोलतोय… नाही, आधी माझं ऐका. जुनं काहीच परत आलेलं नाही. काही म्हणजे काही नाही. पडद्यावर हिरवं दिसतंय ते खोटं आहे, ते मी आत्ता बंद करतोय. विनयाला सांगा, कुणी म्हणालं माझं रक्त निराळं आहे, तर त्या माणसाचं ऐका. दारावर पाटी लावा, पेपरात द्या, सगळ्या दवाखान्यांना कळवा. एकशे अकरा माणसं आहेत… हो. हो, मंगल पुजारीही लाल रेघेतलीच. नवऱ्याला 'नसेल' असं मीच म्हणालो होतो… हो, मी लपवलं."

पलीकडचा आवाज ओसरीपर्यंत ऐकू येत होता. त्यात पोलीस हा शब्द दोनदा आला. मग फोन बंद झाला.

अच्युतनं सर्व्हर उघडला आणि हिरवी खूण काढून टाकली. आता कुणाचंही नाव घातलं तरी एकच ओळ येणार होती: माहीत नाही, विचारा. दहा वर्षांत त्यानं केलेलं हे सगळ्यात लहान काम होतं. दोन मिनिटंही लागली नाहीत. हे मंगलच्या आधी करता आलं असतं, हे त्याला आत्ता कळलं.

बाईंनी सूप बाजूला ठेवलं. काठी घेतली, कष्टानं उठल्या. उठताना कळ आली तशी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाल्या. गार चहाचा कप उचलून त्या आत निघाल्या.

"बाई," अच्युत मागून म्हणाला. "केलं मी. सगळं सांगून टाकलं. आता तरी सांगा… तुमच्या नावापुढं लाल रेघ होती का?"

बाई उंबऱ्याशी थांबल्या.

"मंगलनं सांगितलं होतं. तेव्हा ऐकलं होतंस?"