कौलाआधीचं गाऱ्हाणं

“...पण बुवा, देवानेच होकार दिला, तर डॉक्टर कोण अडवणार?”

हेमांगीने हे विचारलं ते देवळाच्या पायरीवर बसून. उभं राहवत नव्हतं. नववा लागलेला, पाय सुजून चपलेत मावेनात. आवाज मात्र नेहमीचाच, भजनाच्या सामन्यात समोरच्या बारीला, म्हणजे दुसऱ्या भजनी मंडळाला, गप्प करणारा.

आबाबुवा फुलं निवडत राहिले. ते या देवळाचे गुरव, आणि गावातल्या बायकांना भजन शिकवणारे बुवाही तेच. हेमांगी त्यांची सगळ्यांत तयार शिष्या. कोल्हापूरकडून सून होऊन कोकणात आली आणि बघता बघता बायकांच्या पुढे बसून गायला लागली. गळा गोड होता. तो गोड आहे हे तिला पुरेपूर ठाऊकही होतं.

“डॉक्टरीण काय म्हणता?” बुवांनी विचारलं.

“दोन्ही होऊ शकतं म्हणाल्या.”

“आणि?”

“आणि काय... तुम्ही ठरवा म्हणाल्या.”

तिचा नवरा दिगंबर खांबाला टेकून उभा होता. त्याला राहवलं नाही.

“तेवढंच नाही म्हणाल्या, बुवा. हिचं ब्लडप्रेशर वाढलंय. पहिलं बाळंतपण सिझरचं. पिशवीवरचा तो टाका कळांच्या जोराने उसवू शकतो. सगळ्यांचा उसवत नाही, पण उसवला तर दोघांच्या जिवावर बेततं. गुरुवारी ठरवून ऑपरेशन करू, असं त्यांचं मत. हिला कळाच द्यायच्या असतील तर आत्तापासून मोठ्या दवाखान्यात जाऊन राहा म्हणाल्या. इथे रक्ताची सोय नाही.”

“मी सांगणारच होते,” हेमांगी फणकारली.

“कधी?”

बुवा दिगंबरकडे वळले.

“तुझा काय म्हणणा?”

दिगंबर फरशीकडे बघू लागला. “देव सांगेल तसं.”

शहाणा माणूस. आई आणि बायको यांच्यामध्ये इतकी वर्षं काढलेली, त्यामुळे कशावरही बोट ठेवायचं नाही एवढी विद्या त्याला पक्की आली होती.

“आणि तुका काय होया गो, बाय?”

“कळा.” हेमांगीने पटकन सांगितलं. “मला कळा देऊन बाळंत व्हायचंय, बुवा. हौस म्हणून नाही... लोकांसमोर ताठ बसायचंय मला.”

मग तिने सांगितलं. पहिली मुलगी झाली तेव्हा दिवसभर कळा सोसून शेवटी पोट फाडावं लागलं होतं. बारशाला बायका जमल्या, तेव्हा सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, “आमच्या सुनेक काय, आयता पोर हातात दिल्यानी!” बायका हसल्या. हेमांगीही हसली. ते हसू तिच्या घशात आजवर अडकून होतं.

“म्हणून कौल होया.”

“हो. उजवी पाकळी पडली की मी कुणाचं ऐकणार नाही.”

“आणि डावी पडली तर?”

डावी पडली तर हेमांगी ‘पुन्हा लावा’ म्हणणार, हे दिगंबरला माहीत होतं. बुवांनाही कळलं असावं. शिष्येला त्यांनी चांगलंच ओळखलं होतं.

त्या भागात अडलेला माणूस देवाला कौल लावतो. ओल्या पाकळ्या पाषाणाला चिकटवायच्या आणि बघत बसायचं. उजवी आधी सुटली तर होकार, डावी सुटली तर नकार. पण त्याआधी गाऱ्हाणं. गुरवाने देवाला सगळी हकिगत सांगायची, आणि ज्याचं काम असेल त्याने दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. त्या ‘व्हय’शिवाय गाऱ्हाणं पुढे सरकत नाही.

बुवांनी पाषाण ओला केला. पाकळ्यांचं तबक हाताशी ठेवलं. हेमांगी खांबाला धरून उठली आणि गाभाऱ्यासमोर उभी राहिली. डोकं ठणकत होतं, पण ते तिने कुणाला सांगितलं नाही.

“बा देवा म्हाराजा! ही तुझी लेक आज तुझ्या दारात उभी आसा...”

“व्हय म्हाराजा,” हेमांगी खणखणीत म्हणाली.

“पयल्या बाळंतपणाक हिचा पोट फाडूचा लागला. त्येच्यावरसून हिका चार लोकांत हसले...”

“व्हय म्हाराजा.”

“तो सल हिच्या मनातसून जाणा नाय...”

“व्हय म्हाराजा.” डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी एकदाचं तिच्या बाजूने बोलत होतं.

“आता डॉक्टरीण सांगता, जुनो टाको उसवलो तर आई जायत, पोर जायत...”

“व्हय... म्हाराजा.”

“ह्या हिना माका आधी सांगूक नाय.”

हेमांगीने चमकून पाहिलं. बुवांची पाठ तिच्याकडे होती. ते थांबले होते.

“...व्हय म्हाराजा.”

“हिका भियां वाटता, पण ता कोणाक दाखवणा नाय.”

गळ्यातून आवाज निघेना. ओठ तेवढे हलले. बुवांनी तेवढ्यावर भागवलं.

“तर बा देवा म्हाराजा, आता कौल तू देतलंस. त्या कौलान काय वायट झाला, आई गेली नायतर पोर गेला, तर दोष तुझ्या माथ्यार. हिचो दोष नाय. हिना सोताक बोल लावचो नाय. कोणी इचारल्यान तर हिना तुझ्याकडे बोट दाखवचा...”

हेमांगीचं ‘व्हय’ आलं नाही.

“व्हय म्हाराजा!” दिगंबर जोरात म्हणाला.

एकट्याचाच आवाज घुमला. बुवांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

“तुका नाय इचारलंय.”

दिगंबरचा चेहरा पडला. बुवा पुन्हा पाषाणाकडे वळले आणि तसेच उभे राहिले. पाषाणावरून पाणी निथळत होतं.

हेमांगीने तोंड उघडलं... मिटलं.

किती सोपं होतं. एक शब्द म्हणायचा, आणि मग जे होईल ते देवाचं. तिला वाटलं, रिकाम्या ओटीने परत इथे यायचं आणि या दगडाकडे बोट दाखवायचं. घरी मुलगी विचारेल, बाळ कुठे आहे? तिलाही हाच दगड दाखवायचा. किंवा दिगंबर त्या पोरीला कडेवर घेऊन एकटाच इथे येईल आणि बोट दाखवील... कुणासाठी? बारशाला हसलेल्या त्या बायकांसाठी? तिला एकदम भयंकर भीती वाटली. इतकी भीती तिला डॉक्टरांसमोरही वाटली नव्हती.

बुवा थांबून होते.

“नाय,” हेमांगी म्हणाली.

दिगंबर दचकला. गाऱ्हाण्याला ‘नाय’ म्हटलेलं त्या देवळात कधी कुणी ऐकलं नव्हतं.

“नाय म्हाराजा,” ती पुन्हा म्हणाली. या वेळी नीट, सुरात.

बुवांनी हात जोडले. तबकाला हात लावला नाही. खांद्यावरचा पंचा काढला आणि ओला पाषाण हलक्या हाताने पुसून कोरडा केला. एवढं झाल्यावर ते बाजूला येऊन बसले, जसं काही गाऱ्हाणं संपलं होतं.

हेमांगी दिगंबरकडे वळली.

“गुरुवारी जाऊ या,” ती नवऱ्याला म्हणाली. “ऑपरेशनच करू. मी ठरवलंय. पुढे काही झालं तर डॉक्टरांना बोलायचं नाही. मला बोला.”

दिगंबर खांबापासून पुढे आला.

“दोघांनी ठरवलंय म्हण,” तो म्हणाला. आवाज कापत होता, पण म्हणाला. “आणि गुरुवारपर्यंत नको थांबायला. तुझं डोकं दुखतंय ना? मघापासून कपाळ दाबतेयस. आत्ताच दाखवू या.”

तिने मान हलवली. त्याने बाहेर थांबवलेल्या रिक्षावाल्याला हाक मारली आणि तिचा हात धरला. दोघं पायऱ्या उतरू लागले. शेवटच्या पायरीवर ती थांबली. इतका वेळ धरून ठेवलेलं रडू फुटलं.

“बुवा... सासूबाई पुन्हा तेच म्हणतील. चार बायकांत. आयतं पोर...”

“म्हणांदेत.”

“मी काय उत्तर देऊ त्यांना?”

आबाबुवा फुलं निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“तेंका सांग... मी देवाक ‘नाय’ म्हणान इलंय.”