दे की नको

“आणि वीज गेली की? मग काय त्या खोक्यापुढं उदबत्ती लावायची?”

“बॅटरी आहे त्याला,” स्वामी म्हणाले, आणि एका बोटानं पुढचं अक्षर हुडकू लागले.

मकरंद हसला. तसं हसायला डॉक्टरकीत सुवर्णपदक मिळवावं लागतं.

टेकडीवरच्या मठाचा हा दवाखाना. अठरा खाटा, एक सिस्टर, शिकाऊ म्हणून आलेला हा डॉक्टर, आणि सगळ्यांच्या वर स्वामी. भगवी घेण्याआधी तेही डॉक्टरच होते. एकेचाळीस वर्षं त्यांनी आजूबाजूची सगळी गावं तपासली, पण रोग्याचा कागद म्हणून कधी ठेवला नाही.

इथली रीतच वेगळी. सुई भरायची आणि स्वामींकडं बघायचं.

स्वामी म्हणायचे, “दे.”

नाहीतर म्हणायचे, “नको.”

झालं. कुणाला कुठलं औषध सोसत नाही, ते सगळं त्यांच्यापाशी.

मकरंदला ह्याचं भारी कौतुक. विद्या म्हणावी तर ही, असं तो चारचौघांत सांगायचा. आणि त्याच स्वामींनी आठ महिन्यांपूर्वी हा कॉम्प्युटर आणवला. रोज दुपारी दोन तास त्याच्यापुढं बसून एकेक माणूस आठवायचा आणि आत घालायचा. मकरंदनं त्याला नाव ठेवलं होतं, स्वामींचा नवा जप.

“लिहून ठेवतात ते कारकून, स्वामी. मला तुमच्यासारखा वैद्य व्हायचंय.”

“माझ्यासारखा?”

“तुमच्यासारखाच.”

स्वामींचं बोट खोक्यावर फिरत राहिलं. पुढचं अक्षर त्यांना सापडत नव्हतं...

दुसऱ्या दिवशी गुरुवार. गुरुवारी स्वामींचं मौन. पण रोग्यांचं अडायचं नाही, पाटी असायची. पाटीवर ते ‘दे’ लिहायचे, नाहीतर ‘नको’.

बाराच्या सुमारास जीप आली. ड्रायव्हरनं एका बाईला उचलूनच आत आणलं. ओठ निळे पडलेले, अंग तव्यासारखं, छातीचा भाता चाललेला. शुद्ध नव्हती.

“आंबेखोलची इंदुबाई कांबरे,” ड्रायव्हर म्हणाला. “घरात दुसरं कुणी नाही. तीन दिवस दार उघडलं नव्हतं म्हणून शेजाऱ्यांनी ढकललं, तर ही अशी.”

मकरंदनं छाती ऐकली. न्यूमोनिया. आणि वेळ फार थोडा.

“सिस्टर, पेनिसिलिन भरा.”

सुई भरली. मकरंदनं ती हातात घेतली आणि रीतीप्रमाणं स्वामींकडं बघितलं.

स्वामी बाईच्या तोंडाकडं बघत होते. बघतच होते. मग त्यांनी पाटी घेतली. खडू टेकवला...

खडू थांबला.

त्यांनी पाटी खाली ठेवली आणि तिच्यावर मांडी घालून बसले.

“स्वामी?”

काही नाही.

“स्वामी, ही काय चेष्टेची वेळ आहे? दे की नको?”

काही नाही.

“मौन नका मोडू. मान तरी हलवा!”

स्वामींनी डोळे मिटून घेतले.

बाईचा घसा घरघरला. मकरंदच्या कपाळावरचा घाम नाकावर आला. सुई धरलेला हात त्यानं एकदा पुढं नेला, एकदा मागं घेतला. सहा वर्षं शिकलेलं सगळं त्याला येत होतं. ही एक बाई तेवढी ठाऊक नव्हती.

“साहेब,” सिस्टर हळूच म्हणाली, “मी खोक्यात बघू?”

“बघा, बाई! काय बघायचं ते बघा, पण लवकर!”

कांबरे इंदुबाई तिघी निघाल्या. आंबेखोलची एकच. सिस्टरनं तिच्यावर बोट ठेवलं आणि पडद्यावर तांबडी चौकट आली. आत स्वामींचेच शब्द होते.

‘पेनिसिलिन देऊ नये. बारा वर्षांपूर्वी चाचणीच्या थेंबानंच नाडी गेली. तीन दिवस उशाशी होतो. पुन्हा दिलं तर मरेल.’

मकरंदनं दोनदा वाचलं. मग हातातली सुई ट्रेमध्ये ठेवली. ठेवली कसली, सुटलीच ती.

मग तो त्या खोक्यापुढं बसला आणि त्यानं दुसरं औषध मागितलं. खोक्यानं विचारलं, वजन किती? मूत्रपिंडाचं काही दुखणं? किती वाजता द्यायचं, कोण देणार? एरवी कुणाचं ऐकून न घेणाऱ्या मकरंदनं मुकाट्यानं एकेक उत्तर दिलं. तो लिहीपर्यंत औषधांच्या खोलीतल्या पडद्यावर ते उमटलंही, आणि सिस्टर बाटली घेऊन आली. हाक नाही, ओरडा नाही.

दिवेलागणीला बाईचा श्वास खाली बसला. तिनं पाणी मागितलं.

दिवा लागला, म्हणजे मौन सुटलं. मकरंद तेवढ्याचीच वाट बघत होता.

“एक विचारू, स्वामी?”

“विचार.”

“ही बाई तुम्हीच वाचवली होती. तीन दिवस उशाशी बसला होतात. तुम्हीच लिहिलंय.”

स्वामींनी दिव्याची वात पुढं सारली.

“आणि आज माझ्या हातात सुई दिसत असताना पाटीवर बसून राहिलात! मी टोचलं असतं तर? मला धडा शिकवायला तिचा जीव टांगलात?”

त्याचा आवाज चढला होता. अठरा खाटांवरचे लोक बघू लागले. स्वामींपुढं असं कुणी बोललं नव्हतं आजवर.

स्वामी उठले. खाटेपाशी गेले. बाईनं पडल्यापडल्या हात जोडले.

“दुसऱ्यांदा वाचवलंत, बाबा,” ती पुटपुटली.

स्वामींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांनी तिच्या तोंडाकडं नीट निरखून बघितलं, दिव्याच्या उजेडात, बराच वेळ...

मग ते मकरंदकडं वळले आणि तिला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाले,

“मकरंद... ही बाई कोण रे?”