कमानीवरची सतरा नावं

"रस्ताच आपला नाही, तर खड्डे आपले कसे?" मुरलीधरअण्णांनी टेबलावर हात आपटला आणि आंबेवळण नगरपरिषदेची सभा तिसऱ्या तासात शिरली.

वाद एवढाच होता. हायवेच्या फाट्यापासून बाजारापर्यंतचा तीन किलोमीटरचा रस्ता जिल्हा परिषदेचा. जिल्हा परिषद म्हणत होती, घ्या बाबांनो तुम्हीच! मग घ्यायचा की नाही? सतरा नगरसेवकांपैकी निम्मे हो म्हणत होते, निम्मे नाही, आणि एक जण डोळे मिटून चिंतन करत होता. चिंतनाला घोरण्याचा आवाज होता. सुमनताई नगरसेविका होत्या, पण त्यांचं मत मागच्या खुर्चीवरून त्यांचे यजमान सांगत होते.

लोकांसाठीच्या बाकावर वैजू खरात ऐकत बसली होती. त्या रस्त्यावर ती रिक्षा चालवायची. बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला तिनं कॉलेज सोडलं होतं. तिच्या शब्दांत, कॉलेजनं तिला कधी धरलंच नव्हतं. रोज बारा फेऱ्या मारूनही तोच खड्डा तिला रोज नव्यानं सापडायचा. परीक्षेतही तिचं असंच व्हायचं.

"अहो, घ्या की एकदाचा!" ती ओरडली. "तुमचं ठरेपर्यंत माझ्या रिक्षाचा पाळणा झालाय!"

चिंतन करणाराही जागा झाला.

नगराध्यक्ष दादासाहेब निंबोळकरांनी चष्मा खाली ओढला. "कोण गं तू? किती शिकलीस?"

"बारावी पास, पुढं नापास. पण खड्ड्यात पडायला डिग्री लागत नाही, दादासाहेब!"

"असं? वीस वर्षं झाली, चहात वेलदोडा घालायचा की आलं, यावर मला यांचं एकमत करता आलं नाही. तू करून दाखव! उद्या सकाळी दहा वाजता सतराच्या सतरा हात वर दिसले पाहिजेत. दिसले तर रस्ता घेतला, आणि तू मागशील ते देईन. एक जरी हात खाली राहिला, तर तुझी रिक्षा स्टँडवरून हलली म्हणून समज. कायमची!"

तोंड उघडण्याआधी विचार करायचा असतो, हे वैजूला नेहमी तोंड मिटल्यावर आठवायचं. शाबास, खरात! कॉलेज गेलं, आता रिक्षाही घालव!

दुपारी फाट्यावर एक पाहुणा रिक्षात बसला. वर बघून म्हणाला, "आलं वाटतं आंबेवळण!"

"कुठलं? अजून तीन किलोमीटर आहे."

"मग स्वागताची ही कमान इथं कशी?"

"हायवेवरून मंत्र्यांच्या गाड्या जातात ना! त्यांना नावं दिसायला नकोत?" वैजू म्हणाली आणि रिक्षा सुरू करायचीच विसरली. रोज बारा वेळा ती या कमानीखालून जायची. बारा वेळा! आणि डोक्यात प्रकाश पाडला कुणी, तर परगावच्या पाहुण्यानं. तिनं रिक्षा तडक दादासाहेबांच्या दारात नेली.

"सभा फाट्यावर घ्या, एवढंच मागते," ती म्हणाली.

सकाळी दहाला नगरसेवक कंबर धरत गाड्यांतून उतरले. समोर कमान होती: 'आंबेवळण नगरपरिषद हद्दीत आपले सहर्ष स्वागत'. खाली सतराही जणांची नावं. आणि शिडीवर, हातात कुंचला अन् चुन्याची बादली घेऊन, वैजू!

"ए पोरी, काय चाललंय?" मुरलीधरअण्णा ओरडले.

"हद्दीची दुरुस्ती, अण्णा! ज्यांना रस्ता नको, त्यांची हद्द बाजारापाशी संपली. मग दुसऱ्याच्या रस्त्यावर त्यांचं नाव कशाला? पुसून टाकते. तुमच्यापासूनच सुरुवात करू?"

कुंचला 'मु' वर टेकला.

"अगं, थांब, थांब! मी काल विरोध कुठं केला? नुसता प्रश्न विचारला होता!" अण्णांचा हात वर गेला. शेजारच्यांचे त्यांच्याही आधी गेले होते.

सुमनताईंचे यजमान पुढं सरसावले. "आमच्या हिचं मत असं आहे की, थोडा अभ्यास करून..."

"अहो, गप्प बसा!" सुमनताई पहिल्यांदाच बोलल्या. "वर नाव माझं आहे, तुमचं नाही! हा बघा माझा हात!"

वैजूनं शिडीवरून मोजले. "सोळा! दादासाहेब, तुमचं नाव सगळ्यात मोठं आहे. चुना जास्त लागेल."

दादासाहेबांनी हात वर केला आणि ते असे हसले, असे हसले, की त्यांना शिडीचाच आधार घ्यावा लागला. वैजू वर लटपटली. "माग, काय हवं ते माग!" दादासाहेब म्हणाले.

"या कमानीच्या सावलीत स्टँड. पहिला नंबर माझा."

"दिला! आणि वर अठरावं नाव तुझं घालू!"

"नको, नको!" वैजू भराभर खाली उतरली. "रस्ता आता तुमचा आहे, दादासाहेब. आजपासून गचका बसला की लोक वर बघून नाव वाचणार!"

दादासाहेब पुन्हा हसत सुटले. मुरलीधरअण्णा मात्र 'मु' वरचा चुना पुसावा की राहू द्यावा, याचा विचार करत उभे होते.