कोंडाईची रिकामी टोपली

फार वर्षांपूर्वी, कापरी नदीवर पूल नव्हता आणि आमच्या निळेवाडीत कुणाला कसली घाई नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. नदीच्या अलीकडे उंचावर गाव होतं. पलीकडे सखल काठावर बुरडांची सात खोपटं होती. त्यांतल्या शेवटच्या खोपटात कोंडाई राहायची.

बुरूड म्हटला की हातात बांबू. पण कोंडाई वाळुंजाच्या फोकांनी विणायची. वाळुंज हे पाण्याकाठचं झुडूप. पान अरुंद, वरून हिरवं, खालून रुपेरी. वारा सुटला की सगळं झुडूप मासळीसारखं चमकतं. साल मात्र कडूजहर. कोंडाईनं तरुणपणी त्याची एक ओली काठी काठावर खोचली, ती रुजली. मग तिनं दुसरी खोचली, तिसरी खोचली, आणि म्हातारपणापर्यंत सातही खोपटांभोवती वाळुंजाचं कडं उभं केलं. दर पौषात ती फोका कापायची आणि पावसाळ्यापर्यंत झुडूप पुन्हा डोक्यावर जायचं.

तिच्या टोपलीतून पाणी गळत नसे, असं म्हणतात. एका बाईनं तिच्या टोपलीत ताक घुसळलं, असंही म्हणतात. ते ताक मी प्यालो नाही. पण ज्याचा पणजोबा प्याला त्याला मी ओळखतो. माणूस खोटारडा आहे, पण ताकाच्या बाबतीत नाही.

आता गावाची एक रीत सांगतो, कारण सगळं घोडं तिथंच अडलं. कुणाची टोपली घरी आली तर ती रिकामी परत धाडायची नाही. मूठभर तांदूळ घालावेत, गुळाचा खडा घालावा, काहीच नसेल तर तुळशीचं पान. कोंडाई गावात टोपल्या घेऊन यायची, तेव्हा म्हणायची, "असू द्या वो, रिकामी चालंल." बाया हसायच्या. "लाजते मेली!" आणि काहीतरी शोधून आणेपर्यंत तिला थांबवून ठेवायच्या. उन्हात, उंबऱ्याबाहेर. आत घ्यायची रीत नव्हती, रिकामी धाडायचीही नव्हती. रीत म्हणजे रीत.

एका वैशाखात सुभानराव पाटलांच्या मुलीचं लग्न निघालं. व्याही तालेवार. पाटलांच्या मनात आलं की वेशीपासून दारापर्यंत दुतर्फा ती रुपेरी झुडपं हवीत. गडी कुदळी घेऊन पलीकडे गेले, मागोमाग पाटीलही.

कोंडाई आडवी आली. "पाटील, फांद्या लागतील तेवढ्या न्या. मांडव मी सोता इणून देते. मुळं तेवढी ऱ्हाऊ द्या. जमीन मुळांनी धरलीया."

"का गं कोंडे, जमीन काय पळून चाललीय?"

गडी खो खो हसले. पाटील म्हणाले, "फांद्या दोन दिवसांत माना टाकतात. मुळासकट असलं की शोभा टिकते."

एकशे चाळीस झुडपं मुळासकट निघाली. लग्न थाटात झालं. व्याही वेशीत थांबला, दोन्हीकडे बघून "वा!" म्हणाला आणि जेवायला गेला. त्या एका 'वा'साठी चाळीस वर्षांचा काठ उघडा पडला.

श्रावणात कापरी चढली. बुरूड मंडळी सुपं-रोवळ्या घेऊन दोन डोंगरांपलीकडच्या बाजाराला गेलेली. मागं कोंडाई आणि अकरा पोरं. पाठीमागचा ओढाही फुगला आणि सात खोपटांचं बेट झालं. दुधात भाकरीचा तुकडा विरावा तसा काठ विरू लागला. पहिलं खोपट गेलं. दुसरं गेलं.

कोंडाईनं स्वतःच्या खोपटाचा कूड ओरबाडला. तो वाळुंजाचाच होता. भिजलेल्या फोका घेऊन ती विणायला बसली. तिची बोटं दिसत नव्हती, असं म्हणतात. सूर्य माथ्यावर येईस्तोवर धान्याच्या कणगीएवढी टोपली तयार झाली. तिनं ती शेणानं लिंपली. शेण पुरात धुऊन जायला हवं होतं. गेलं नाही. सालीचा लांबलचक दोर वळून टोपलीला बांधला, दुसरं टोक स्वतःच्या हातात धरलं. अकरा पोरं बसली. बाराव्याला जागा नव्हती.

"पलीकडं पोचलात की टोपली सोडा," ती म्हणाली. "मी वढून घेती."

पोरं सुपांनी पाणी मारत निघाली आणि वळणाच्या ओढीनं नेमकी गावाच्या घाटाला लागली. अख्खं गाव तिथं जमलेलं. दहा हातांनी पोरं उचलून घेतली. सगळ्यांत मोठी बायजा ओरडली, "आजीनं सांगितलंय, टोपली लगीच सोडा! रिकामीच सोडा!"

पाटलीणबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं पाणी, मी उगाच वाईट बोलणार नाही. त्या म्हणाल्या, "अगं, अकरा लेकरं आली हिच्यातून! ही रिकामी कशी धाडायची?"

सगळ्यांना पटलं. एकजण तांदूळ आणायला पळाला. दुसरा म्हणाला, नुसते तांदूळ बरे दिसत नाहीत, नारळ हवा. तिसरा म्हणाला, नारळ पाटलांच्याच हातचा हवा. पाटील ओलं धोतर बदलायला वाड्यावर गेले.

पलीकडून दोराला हिसके बसत होते. अलीकडे चार गडी टोपली धरून उभे होते.

"रिकामीच सोडाऽऽ!" पलीकडून कोंडाईची हाक आली.

"लाजते मेली!" एक बाई कौतुकानं म्हणाली.

बायजा एका गड्याच्या मनगटाला कडकडून चावली. त्यानं टोपली सोडली नाही. मग अचानक दोर ढिला पडला.

"बघा," कुणीतरी म्हणालं, "थांबायला तयार झाली."

तेवढ्यात पाटील कोरं धोतर नेसून नारळ घेऊन आले. समोर बघतात तर पलीकडे काठच नव्हता.

पाटलांच्या दारची एकशे चाळीस झुडपं त्याच दिवशी वाळली आणि घाटावरच्या टोपलीला पालवी फुटली, असं म्हणतात. वाळलेली मी पाहिली नाहीत. घाटावरचं वाळुंज मात्र आहे. जाऊन बघा, बुंधा टोपलीसारखा गोल आहे.

तेव्हापासून निळेवाडीत कुणाचं भांडं रिकामंच परत करतात, तेही पळत जाऊन. पाहुण्यांना ते उद्धटपणाचं वाटतं. वाटू दे. आणि श्रावणात त्या दिवशी बायजाच्या वंशातली बाई घाटावरच्या फोकांची टोपली विणते, अख्खं गाव वाळुंजाच्या सालीचा कडू काढा घोटभर पितं, आणि दुपारी ती टोपली पाण्यात सोडतात. रिकामी.

सोडायचा मान कुणाचा, यावर मात्र दरवर्षी भांडण होतं. पाटलांचं घर म्हणतं आमचा, सरपंच म्हणतो माझा. विणणारी बाई बाजूला उभी असते, तिला कुणी विचारत नाही. मागच्या साली वाद मिटेपर्यंत दिवस कलला, आणि टोपली तोवर चार जणांनी घट्ट धरून ठेवली होती.

पलीकडे आता कुणी उभं नसतं, एवढंच काय ते बरं.