टिल्लीच्या दारावर ढवळीचं चाक

या रे या, जवळ या. मांडी घाला, कान टवकारा. आणि कुणी कुणाला चिमटे काढायचे नाहीत, मला सगळं दिसतं!

एक होती उंदरी. एवढीशी. माझ्या अंगठ्याएवढी. तिचं नाव टिल्ली.

रस्त्याच्या कडेला टिल्लीचं बीळ. बिळाला एकच दार. आत टिल्लीची पिल्लं. गुलाबी गुलाबी. डोळेसुद्धा न उघडलेली.

एकदा सकाळी टिल्ली म्हणाली, "पिल्लांनो, गप पडून राहा हं. मी दोन दाणे खाऊन येते. आले की दूध पाजते."

आणि गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

तेवढ्यात रस्त्याने आली ढवळी.

ढवळी म्हणजे गाय नव्हे हं! ढवळी म्हणजे टेंपो. पांढरा, म्हातारा, डिझेल पिणारा टेंपो. पण रखमाजीकाकांचा त्याच्यावर गाईएवढा जीव. म्हणून त्याचं नाव ढवळी. मागच्या हौद्यात मक्याची कणसं. पुढे रखमाजीकाका. शेजारी गजराकाकू. स्वारी निघाली बाजाराला.

ढग ढग ढग ढग...

ढग... ढग...

ढुक!

ढवळी बंद पडली. आणि कुठे बंद पडली? नेमकी टिल्लीच्या दारात! पुढचं चाक थेट बिळावर.

काकांनी किल्ली फिरवली. खर्र खर्र खर्र... फुस्स. पुन्हा फिरवली. खर्र खर्र खर्र... फुस्स.

"अगं, कालच तर हिला पुसून चकचकीत केली होती!" काका म्हणाले.

"पुसली तेवढी," काकू म्हणाल्या. "लेकीच्या लग्नात आपण मिरवत होतो. ही इतके दिवस चिंचेखाली एकटी उभी. रुसली असेल."

इकडे टिल्ली परत आली. बघते तर काय! दार कुठाय? दारावर तर चाक! आणि आतून आवाज, चूं चूं चूं! आई, भूक! चूं चूं चूं!

टिल्लीने उकरून पाहिलं. जमीन ही कडक! उकरेना म्हणजे उकरेना. टिल्लीचे डोळे भरून आले. पण रडत बसली तर ती टिल्ली कसली! ती चाकाला म्हणाली,

"चाकदादा, चाकदादा, हल ना!
दार उघडेना,
पिल्लांचं रडू थांबेना!"

चाक म्हणालं, "मी काय करू गं टिल्ले? मी आपला आपण हलतो होय! इंजिन फिरेल, तर मी हलेन. इंजिनला सांग, जा!"

निघाली टिल्ली. तुरुतुरु तुरुतुरु. चाकावर चढली, आत शिरली. तिथे बसले होते इंजिनआजोबा. तापलेले. चिडलेले.

"इंजिनआजोबा, इंजिनआजोबा, फिरा ना!
चाक हलेना,
दार उघडेना,
पिल्लांचं रडू थांबेना!"

"खॉक्! खॉक्!" इंजिनआजोबा खोकले. "मी काय करू गं टिल्ले? घसा कोरडा पडलाय माझा. डिझेलचा थेंब नाही पोटात. उपाशीपोटी कोण फिरतं? पंप पाजेल, तर मी फिरेन. पंपाला सांग, जा!"

निघाली टिल्ली. तुरुतुरु तुरुतुरु. शेजारीच होता पंपमामा. डोक्यावर गोल बटण, टोपीसारखं.

"पंपमामा, पंपमामा, पाज ना!
इंजिन फिरेना,
चाक हलेना,
दार उघडेना,
पिल्लांचं रडू थांबेना!"

पंपमामा म्हणाला, "मी काय करू गं टिल्ले? पाजायला जवळ काही हवं ना! गाळणी गाळेल, तर मी पाजेन. गाळणीला सांग, जा!"

निघाली टिल्ली. तुरुतुरु तुरुतुरु. तुमच्या घरी चहाची गाळणी असते ना? तशी ढवळीला डिझेलची गाळणी. कचरा अडवायचा, डिझेल पुढे सोडायचं. भारी टापटिपीची बाई.

"गाळणीताई, गाळणीताई, गाळ ना!
पंप पाजेना,
इंजिन फिरेना,
चाक हलेना,
दार उघडेना,
पिल्लांचं रडू थांबेना!"

गाळणीताई म्हणाली, "पाय पुसून आलीस ना? बरं. मी काय करू गं टिल्ले? गाळू काय, वारा? नळी वाहील, तर मी गाळेन. नळीला सांग, जा!"

तेवढ्यात, खाडकन्! वरचं झाकण उघडलं. रखमाजीकाकांचं तोंड आत आलं. एवढ्या मोठ्या मिशा! टिल्ली घाबरून कोपऱ्यात दडली.

काकांनी इकडे फुंकलं. तिकडे ठोकलं. पंपमामाचं बटण दाबून पाहिलं. फुस् फुस्. नुसती हवा! मग काकांनी काय केलं असेल? ढवळीपुढचं जुनं लिंबू काढलं आणि नवं लिंबू बांधलं. वर हिरव्यागार मिरच्या.

"लिंबाने गाडी चालते होय?" काकू म्हणाल्या. "मग डिझेल कशाला भरता? सरबतच ओता की!"

काका पुन्हा बटण दाबायला लागले. मिशी मात्र जराशी हलली.

आणि आपली टिल्ली? ती निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. गाडीखाली लांबलचक नळी पडली होती. काळी. गारेगार. आळसावलेली.

"नळीबाई, नळीबाई, वाहा ना!
गाळणी गाळेना,
पंप पाजेना,
इंजिन फिरेना,
चाक हलेना,
दार उघडेना,
पिल्लांचं रडू थांबेना!"

"आऽऽई गं," नळीबाईने जांभई दिली. "मी काय करू गं टिल्ले? माझ्या पोटात काहीच नाही. टाकी सोडेल, तर मी वाहीन. टाकीला सांग, जा!"

निघाली टिल्ली. नळीवरून सरसर सरसर. गाठली टाकी. टाकीमावशी केवढी लठ्ठ!

"टाकीमावशी, टाकीमावशी, सोड ना!
नळी वाहेना,
गाळणी गाळेना,
पंप पाजेना,
इंजिन फिरेना,
चाक हलेना,
दार उघडेना,
पिल्लांचं रडू थांबेना!"

टाकीमावशी कण्हली. "मी काय करू गं टिल्ले? पोट भरलंय माझं डिझेलने. बघ, डुबुक डुबुक! पण सोडता येईना. वरून हवा आत येईल, तर खालून डिझेल जाईल. हवाच येईना, तर पोट आत आत ओढतंय!"

तुम्ही पाण्याची बाटली तोंडाला घट्ट लावून ओढता ना? मग बाटलीचं पोट कसं आत जातं? आणि पाणी येतं का? नाही येत! तसं झालं होतं टाकीमावशीचं.

"झाकण हवा घेईल, तर मी सोडेन," ती म्हणाली. "झाकणाला सांग, जा!"

निघाली टिल्ली. दमली होती बिचारी. खालून आवाज आला, चूं चूं चूं! आणि टिल्लीचे पाय पुन्हा पळायला लागले. तुरुतुरु तुरुतुरु. टाकीवर बसला होता झाकणभाऊ.

"झाकणभाऊ, झाकणभाऊ, हवा घे ना!
टाकी सोडेना,
नळी वाहेना,
गाळणी गाळेना,
पंप पाजेना,
इंजिन फिरेना,
चाक हलेना,
दार उघडेना,
पिल्लांचं रडू थांबेना!"

"बी काय करू गं टिल्ले?" झाकणभाऊ म्हणाला. "बाझं डाक चोंदलंय!"

अगं बाई! खरंच की! झाकणाला एक भोक होतं. छोटंसं, नाकपुडीएवढं. त्यातून तो हवा आत घ्यायचा. पण आज भोकात काय? चिखल! गच्च बसलेला, वाळलेला चिखल. आणि चिखलावर बसली होती एक कुंभारीण.

कुंभारीण पाहिलीय ना तुम्ही? बारीक कमरेची माशी. तोंडात चिखलाचा गोळा आणते आणि भिंतीवर घर बांधते. ढवळी चिंचेखाली उभी होती ना? तेव्हा कुंभारीण आली. भोक बघितलं. म्हणाली, वा, काय जागा आहे! आणि झाली सुरू.

"कुंभारीण दिघेल, तर बी हवा घेईद," झाकणभाऊ म्हणाला. "तिलाच सांग, जा!"

टिल्लीने मोठ्ठा श्वास घेतला. तुम्हीही घ्या. आणि म्हणा माझ्याबरोबर,

"कुंभारीणबाई, कुंभारीणबाई, निघ ना!
झाकण हवा घेईना,
टाकी सोडेना,
नळी वाहेना,
गाळणी गाळेना,
पंप पाजेना,
इंजिन फिरेना,
चाक हलेना,
दार उघडेना,
पिल्लांचं रडू थांबेना!"

"गूंऽऽ गूंऽऽ गूंऽऽ!" कुंभारीण फणफणली. "नाही निघणार, जा! तोंडाने चिखल आणून आणून घर बांधलंय मी. आज यात अंडी घालायची आहेत. मलाही पिल्लं होणार आहेत!"

टिल्लीचे दात शिवशिवले. तिचे दात किती टोकदार, माहीत आहे? एक चावा घेतला की चिखलाचं घर खलास!

टिल्लीने तोंड उघडलं.

आणि खालून आवाज आला, चूं चूं चूं!

टिल्लीला आपलं दार आठवलं. दारावरचं चाक आठवलं. आपलं घर असं अचानक गेलं की कसं वाटतं, ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक? टिल्लीने तोंड मिटलं.

"कुंभारीणबाई," ती म्हणाली, "तुला दुसरं घर दिलं, तर निघशील?"

कुंभारीण विचारात पडली. "अस्संच गोल हवं."

"देते."

"कोरडं हवं."

"देते."

"आणि आत्ताच्या आत्ता हवं! थांबायला वेळ नाही मला."

"आत्ताच्या आत्ता देते!" टिल्ली म्हणाली.

ढवळीच्या हौद्याला लाकडी फळ्या होत्या. जुन्या, जाड. टिल्लीने फळीला दात लावले.

कुर कुर कुर! कुर कुर कुर! भुसा उडाला. टिल्लीला शिंक आली. आक्छी! पण टिल्ली थांबली नाही. कुर कुर कुर! कुर कुर कुर!

झालं भोक! गोल गोल, गुळगुळीत.

कुंभारीण आली. आत डोकावली. बाहेर डोकावली. एक मिशी आत घालून पाहिली. बाई मोठी चिकित्सक!

"गोल आहे. कोरडं आहे. वाराही लागत नाही," ती म्हणाली. "आधीच्यापेक्षा बरंय की गं!"

मग काय! दोघी लागल्या कामाला. कुंभारीण चिखल उकरी, टिल्ली बाजूला सारी. टुक टुक टुक! टुक टुक टुक!

शेवटचं ढेकूळ निघालं...

झाकणाने हवा घेतली. सूंऽऽऽ! "हाऽऽ! मोकळं झालं एकदाचं नाक!"

टाकीने सोडलं. डुबुक!

नळी वाहिली. झुळूझुळू झुळूझुळू!

गाळणीने गाळलं. टिप टिप टिप!

पुढे काका अजून पंपमामाचं बटण दाबतच होते. फुस् फुस्... फुस् फुस्... खुचुक! खुचुक खुचुक!

"अगं, डिझेल आलं!" काका ओरडले. "मार किल्ली!"

काकूंनी पदर खोचला. किल्ली फिरवली.

खर्र खर्र खर्र... ढग!

ढग ढग ढग ढग!

पंपाने पाजलं. इंजिन फिरलं. काका उडी मारून आत बसले.

आणि टिल्ली? अरे देवा! टिल्ली तर अजून वरच! ढवळी आता निघणार. टिल्लीला घेऊन थेट बाजारात जाणार. मग पिल्लांचं काय?

"उडी मार!" चाकदादा ओरडला. "मार, मार! मी हळूच निघतो!"

टुणुक! टिल्लीने उडी मारली. धपकन् गवतात पडली.

चाक हललं. अगदी अलगद.

दार उघडलं!

टिल्ली आत शिरली. तुरुतुरु तुरुतुरु. "आले गं बाई, आले! आले रे राजा, आले!"

एकेकाला पोटाशी धरलं. चुटूचुटू चुटूचुटू, पिल्लं दूध प्यायला लागली.

आणि पिल्लांचं रडू थांबलं.

बाहेर ढवळीने जाता जाता एक हिसका दिला. हौद्यातलं कणीस उडालं. धप्! नेमकं टिल्लीच्या दारात. दाणेच दाणे! फुकट नव्हे हं ते. टिल्लीने दात झिजवले होते.

"बघितलंस?" काका मिशीवर ताव देत म्हणाले. "हाताला गुण आहे माझ्या!"

"हो, हो," काकू हसल्या. "तुमच्या हाताला, नाहीतर त्या लिंबाला!"

बाजारात काका कणसं उतरवायला लागले. एकदम थांबले. "आता हे भोक कुणी पाडलं फळीला? आणि यात चिखल कुणी भरला?" त्यांनी खरवडायला काडी उचलली.

गजराकाकूंनी त्यांचा हात धरला. बघितलं, तर बारीक कमरेची कुंभारीण. तोंडात चिखलाचा इवलासा गोळा. काकूंना आपली लेक आठवली, नुकतीच सासरी जाऊन नवं घर मांडणारी.

"असू द्या हो," काकू म्हणाल्या. "कुणाचं तरी घर आहे."

काकांनी काडी टाकून दिली.

ढवळी गेली बाजारा, कुंभारीण गेली घरा, टिल्लीची पिल्लं झोपली, आता तुम्हीही झोपा जरा!